मेटाबॉलिक नेटवर्कचं गुंतवळ झालंय? टूल बदलण्याआधी हे वाच

प्रश्न असा आलाय: "ताई, एमएस्सी सेकंड इयरच्या प्रोजेक्टला ई. कोलाय जिवाणूचं आयएमएल१५१५ मॉडेल (त्याच्या रिअ‍ॅक्शनचं कॉम्प्युटरवरचं गणित) घेतलंय. ऑक्सिजन असताना आणि नसताना फ्लक्स, म्हणजे रिअ‍ॅक्शनचे वेग, कसे बदलतात ते चित्रात दाखवायचंय. सायटोस्केपमध्ये टाकलं तर नुसता काळा गोळा दिसतो, सगळे लेआउट करून झाले. सर म्हणतात दुसरं सॉफ्टवेअर बघ. एशर, केग, पाथवे टूल्स यातलं नेमकं काय शिकू? हातात तीन आठवडे आहेत."

तुझ्या सरांना नावं ठेवत नाही, पण सॉफ्टवेअर बदलून हा गोळा सुटणार नाहीये. तू जे मॉडेल घेतलंयस त्यात १५१५ जीन, १८७७ मेटाबोलाइट (पेशीतले छोटे रेणू) आणि २७१२ रिअ‍ॅक्शन आहेत, आणि ते सगळं तू एका स्क्रीनवर मागतोयस, मग कंगव्यातून निघतं तसं गुंतवळच मिळणार ना, कुठल्याही टूलमध्ये टाक. तुझा प्रश्न ऑक्सिजनचा आहे. तो प्रश्न ग्लायकोलिसिस (ग्लूकोज फोडून पायरुव्हेट करायची वाट), टीसीए (त्यापुढचं चक्र), रेस्पिरेशन आणि फर्मेंटेशनच्या चार-पाच वाटा एवढ्यात राहतो, म्हणजे फार तर साठ-सत्तर रिअ‍ॅक्शन. बाकीच्या अडीच हजार रिअ‍ॅक्शन गणितात राहू देत, चित्रात त्यांचं काही काम नाही.

आता गोळा का होतो ते आधी बघ, कारण हे कळलं की टूल कुठलं घ्यायचं ते तुझं तुलाच कळेल. समज तू मुंबईतल्या दुकानांचं नेटवर्क काढायला बसलास आणि नियम असा केलास की ज्या दोन दुकानांत दहाची नोट चालते ती दोन्ही एकमेकांना जोडायची. झालं, दादरचा फुलवाला, भायखळ्याचा भाजीवाला आणि झवेरी बाजारातला सोनार सगळे एकमेकांचे सख्खे शेजारी. पेशीत एटीपी, एडीपी, पाणी, प्रोटॉन, फॉस्फेट, एनएडीएच, कोएन्झाइम ए ही सगळी अशी चलनी नोट आहे, म्हणूनच त्यांना करन्सी मेटाबोलाइट म्हणतात. तू मॉडेलमधून जसंच्या तसं नेटवर्क एक्स्पोर्ट केलंस की हे दहा-पंधरा नोड अख्ख्या नेटवर्कला मधोमध खेचून धरतात आणि लेआउटचा अल्गोरिदम बिचारा प्रामाणिकपणे त्यांच्याभोवती सगळं गोळा करतो. त्याची काही चूक नाही.

आणि प्रकरण नुसतं दिसण्याचं नाहीये, उत्तरंही चुकतात. सायटोस्केपमध्ये ग्लूकोज ते पायरुव्हेट सगळ्यात जवळचा रस्ता काढून बघ. पुस्तकात दहा स्टेप आहेत ना, तुला दोनच मिळतील: ग्लूकोजला फॉस्फेट लागताना एटीपीचा एडीपी झाला, तोच एडीपी शेवटच्या पायरीला पीईपीकडून (फॉस्फोइनॉलपायरुव्हेट, पायरुव्हेटच्या आधीचा रेणू) फॉस्फेट घेताना पायरुव्हेटच्या शेजारी बसला, म्हणून ग्लूकोज, एडीपी, पायरुव्हेट, पोचलो. एडीपीमधून ग्लूकोजचा एकही कार्बन गेलेला नाही. यावर सगळे सांगतात की कोफॅक्टर, म्हणजे हेच एटीपी-एडीपीसारखे करन्सीवाले, काढून टाका, आणि ते बरोबरच आहे, पण ई. कोलायमध्ये पुढचा झोल बसलाय तो कोणी सांगत नाही. ई. कोलाय ग्लूकोज आत घेतं ते मुख्यतः पीटीएसमधून (साखर आत घेतानाच तिला फॉस्फेट लावणारी यंत्रणा), आणि तिथे फॉस्फेट एटीपी देत नाही, पीईपी देतो, आणि फॉस्फेट दिलेला पीईपी होतो पायरुव्हेट. म्हणजे एकाच रिअ‍ॅक्शनमध्ये एका बाजूला बाहेरचं ग्लूकोज आणि दुसऱ्या बाजूला पायरुव्हेट. ग्राफमध्ये ही एकच उडी! आणि पायरुव्हेट काही कोफॅक्टरच्या यादीत नसतो, त्यामुळे तुझी गाळणी लावूनसुद्धा ही उडी तशीच राहते. ग्लूटामेट आणि अल्फा-कीटोग्लुटारेटचं तेच, अमिनो ग्रुप इकडून तिकडे द्यायला अर्ध्या अमिनो अ‍ॅसिडच्या रिअ‍ॅक्शनमध्ये ते हजर. त्यामुळे नुसती यादी करून नावं खोडायची पद्धत माझ्या मते अर्धीच उपयोगाची. रस्ते मोजायचे असतील तर कुठला अणू कुठे गेला ते बघून जोड्या लावाव्या लागतात, आणि नुसतं दाखवायचं असेल तर माणसाने बसून ठरवावं लागतं की या बाणाचा मुख्य प्रवास कुठला आणि बाजूला येणारेजाणारे कोण.

आता इथे टूल येतं. तुझ्या कामाला एशर. २०१५ सालचं आहे, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सिस्टिम्स बायोलॉजीवाल्या ग्रुपचं, ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल करायची कटकट नाही, फुकट आहे. त्याची खरी गंमत ही की ते लेआउट आपणहून ठरवतच नाही. बऱ्याच जणांना हा तोटा वाटतो, मला तर हाच फायदा वाटतो. नकाशा माणसाने हाताने लावलेला असतो, मुख्य मेटाबोलाइट मोठा गोळा, कोफॅक्टर लहान गोळे आणि ते प्रत्येक रिअ‍ॅक्शनला वेगळे काढलेले, म्हणजे एटीपी नकाशावर पन्नास ठिकाणी दिसेल पण पन्नास बाण एका एटीपीकडे धावणार नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन हे दुय्यम मेटाबोलाइट लपवताही येतात. फक्त तू लपवू नकोस, निदान सगळे नको, कारण तुझा प्रश्नच एनएडीएचचं काय होतं हा आहे.

आयएमएल१५१५ वर लगेच उडी मारू नकोस. पहिले तीन दिवस ई. कोलायचं छोटं कोर मॉडेल घे, ७२ मेटाबोलाइट आणि ९५ रिअ‍ॅक्शन, त्याचा तयार मॅप एशरच्या साइटवरच आहे. कोब्रापायमध्ये (ही गणितं करणारी पायथनची लायब्ररी) ग्लूकोजचा अपटेक १० ठेव, एकदा ऑक्सिजन मोकळा सोड, एकदा शून्य कर. ऑक्सिजन असताना वाढीचा वेग तासाला ०.८७ च्या आसपास येईल, बंद केल्यावर ०.२१. हे दोन आकडे आले नाहीत तर पुढे जाऊ नकोस, मॉडेलची सेटिंग कुठेतरी चुकलीये. मग दोन्हीचे फ्लक्स सीएसव्हीमध्ये काढ, पहिल्या कॉलममध्ये रिअ‍ॅक्शनचा आयडी, दुसऱ्यात आकडा, आणि एशरमध्ये डेटाच्या मेन्यूतून रिअ‍ॅक्शन डेटा म्हणून टाक.

मग बघत बस दहा मिनिटं. खरंच, चहा घेऊन नुसतं बघ. ऑक्सिजन बंद केल्यावर टीसीए अल्फा-कीटोग्लुटारेटपर्यंत जेमतेम हलतं, तेही बायोमाससाठी, आणि पुढे करडं पडतं. पायरुव्हेट डिहायड्रोजनेज झोपतं आणि पायरुव्हेट फॉर्मेट लायेज पेटतं. बाहेर फॉर्मेट १७.८, अ‍ॅसिटेट ८.५, इथेनॉल ८.३ असं पडायला लागतं, युनिट सगळीकडे तेच, मिलिमोल दर ग्रॅम कोरड्या वजनाला दर तासाला. आणि कोपऱ्यात एटीपी सिंथेज बघ, माझी आवडती जागा. ऑक्सिजन असताना तो ४५.५ ने एटीपी बनवत असतो, ऑक्सिजन गेल्यावर आकडा येतो उणे ५.५, म्हणजे बाण उलटा. रेस्पिरेशन बंद, प्रोटॉन बाहेर ढकलायला कोणी नाही, म्हणून पेशी आपलाच कमावलेला एटीपी जाळून ते काम करते. आकड्यांच्या तक्त्यात ९५ ओळींमध्ये हे उणे चिन्ह कोणाच्याही नजरेतून सुटतं, नकाशावर उलटा बाण लगेच डोळ्यात भरतो. चित्र काढायचं ते यासाठी.

एक सांगून ठेवते, हे गणित लॅक्टेट आणि सक्सिनेट शून्य दाखवेल, आणि खरी ई. कोलाय थोडंफार दोन्ही बनवते. वायवामध्ये हे विचारणार. मॉडेल फक्त जास्तीत जास्त वाढीचा रस्ता शोधतं, त्याला खऱ्या पेशीच्या सवयी माहीत नाहीत, एवढं उत्तर तयार ठेव.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुझी होणार नाही. बारा-तेरा वर्षं झाली असतील, मॅटलॅबवर कोब्रा टूलबॉक्स वापरायचो आम्ही, आणि मी ग्रुप मीटिंगला ऑक्सिजन असतानाचा फ्लक्स मॅप घेऊन गेले. मॅपवर सगळं फिकट आणि फक्त दोन बाण लालभडक, सक्सिनेट ते फ्युमरेट आणि फ्युमरेट ते सक्सिनेट. मी त्यावर पाच मिनिटं गोष्ट सांगितली, इथे कसं महत्त्वाचं नियंत्रण असावं वगैरे. मागे बसलेल्या एका सीनियर मॅडमनी शांतपणे विचारलं, "ऑक्सिजन असताना फ्युमरेट रिडक्टेज एवढं कशाला पळतंय गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर हे की मॉडेलमध्ये सक्सिनेट डिहायड्रोजनेज आणि फ्युमरेट रिडक्टेज या दोन रिअ‍ॅक्शन एकमेकींच्या बरोबर उलट लिहिलेल्या आहेत, दोन्ही एकाच क्विनोनवर (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू), त्यामुळे दोघी एकमेकींचं काम पुसत हजाराच्या मर्यादेपर्यंत गोल गोल फिरू शकतात आणि वाढीला काहीच फरक पडत नाही. सॉल्व्हरला त्या दिवशी ते उत्तर सापडलं, मला ते जीवशास्त्र वाटलं. गाडी न्यूट्रलला टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा प्रकार. तेव्हापासून मी साधं एफबीएचं (फ्लक्स बॅलन्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे जास्तीत जास्त वाढ देणारे फ्लक्स शोधायचं हे गणित) उत्तर कधीच नकाशावर टाकत नाही, आधी पार्सिमोनिअस एफबीए करते, म्हणजे तेवढीच वाढ पण एकूण फ्लक्स कमीत कमी, किंवा लूपलेस करते, म्हणजे असं गोल फिरणं बंद करून. कोब्रापायमध्ये एका ओळीचं काम आहे. शिवाय एफव्हीए (तेवढ्याच वाढीत प्रत्येक फ्लक्स कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो ते) करून बघ की नकाशावर जे तू दाखवतोयस ते एकच शक्य उत्तर आहे की पन्नासपैकी एक. रुंद रेंज असलेल्या रिअ‍ॅक्शनवर चित्रात मोठा बाण दाखवून गोष्टी सांगू नकोस.

रंगांचंही त्याच घटनेत आलं बघ. एशर डिफॉल्टला सगळ्यात कमी ते करडं, मधलं निळसर आणि सगळ्यात जास्त ते लाल अशी पट्टी डेटावरून बनवतो. एक वेडा आकडा आला की पट्टीची वाट लागते. आणि तुझ्याकडे दोन कंडिशन आहेत, दोन्हीला आपोआप पट्टी बनू दिलीस तर एका चित्रातला लाल म्हणजे ४५ आणि दुसऱ्यातला लाल म्हणजे त्याहून बराच लहान आकडा, आणि बघणारा दोन्ही सारखेच समजणार. स्केल हाताने फिक्स कर, शून्य, पाच, वीस, पंचेचाळीस असं काहीतरी, आणि दोन्ही चित्रांना तेच ठेव. अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यूचा ऑप्शन चालू कर, नाहीतर उणे ५.५ हा छोट्या आकड्यांत जाऊन करडा पडेल आणि तुझा एटीपी सिंथेज हरवला. लाल-हिरवं कॉम्बिनेशन टाळ, पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला ते दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत असं धरतात, आणि तुझ्या पॅनलवर असा एखादा निघू शकतो. निळं-नारिंगी घे. दोन कंडिशनचा फरक एकाच चित्रात दाखवायचाही ऑप्शन आहे, सीएसव्हीत दोन कॉलम दिले की एशर वजाबाकी किंवा लॉग टू फोल्ड चेंज काढून रंगवतो, पण फ्लक्सला वजाबाकीच वापर, शून्यावर लॉग घ्यायला गेलास तर डोक्याला शॉट.

कोर जमलं की मोठ्या मॉडेलकडे ये. आयजेओ१३६६ चा, म्हणजे ई. कोलायच्या आधीच्या मोठ्या मॉडेलचा, सेंट्रल मेटाबॉलिझमचा तयार मॅप मिळतो, दोन्ही मॉडेलचे आयडी बिग या मॉडेलांच्या डेटाबेसचेच असल्यामुळे तो तुझ्या आयएमएल१५१५ वर बराचसा बसतो. मॉडेलमध्ये नसलेल्या रिअ‍ॅक्शन हायलाइट करायची सेटिंग आहे, ती चालू करून काय काय बसलं नाही ते बघ. बायोमासचा बाण नक्कीच बसणार नाही, कारण त्या रिअ‍ॅक्शनच्या नावातच मॉडेलचं नाव आहे. बाकी जे हवं ते स्वतः जोडायचं, रिअ‍ॅक्शन अ‍ॅड करताना तुझा फ्लक्स डेटा लोड केलेला असेल तर त्या मेटाबोलाइटला जोडता येणाऱ्या रिअ‍ॅक्शनची यादी फ्लक्स मोठा असेल ती वर अशी लागते, म्हणजे पुढे रस्ता कुठे जातोय ते टूलच सुचवत जातं. हे सापडलं तेव्हा मला भारी वाटलेलं.

आयडींवर तुझा सगळ्यात जास्त वेळ जाणार, आत्ताच सांगते. बिगमध्ये ग्लूकोज म्हणजे जीएलसी, मग दोन अंडरस्कोर, मग डी, आणि शेवटी पेशीतला कप्पा, सी म्हणजे आतलं, पी म्हणजे पेरिप्लाझम, ई म्हणजे बाहेरचं. जुन्या फाइलींमध्ये तिथे एकच अंडरस्कोर किंवा डॅश असतो आणि मग डेटा गुपचूप जुळत नाही, एरर येत नाही, बाण नुसता रंगत नाही. केगमध्ये तेच ग्लूकोज सी०००३१, त्याला कप्पाबिप्पा काही नाही. एक्सेलमध्ये आयडी उघडून सेव्ह करायच्या भानगडीत पडू नकोस, पायथनमधूनच सीएसव्ही लिही.

बाकीची टूल्स वाईट नाहीत, तुझ्या प्रश्नाला नाहीत इतकंच. सायटोस्केप २००२ पासून आहे आणि जिथे नकाशा आधीपासून माहीत नसतो तिथे त्याला तोड नाही, मेटाबोलाइटचे कोरिलेशन, प्रोटीनची इंटरअ‍ॅक्शन, कुठला नोड कितींना जोडलाय वगैरे. मेटाबॉलिक नेटवर्क त्यात टाकायचंच असेल तर मेटाबोलाइट आणि रिअ‍ॅक्शन दोन्ही वेगवेगळे नोड कर, करन्सीवाल्यांची प्रत्येक रिअ‍ॅक्शनसाठी वेगळी कॉपी कर, आणि एक सबसिस्टिम घेऊनच काढ. तू बहुतेक मेटाबोलाइट ते मेटाबोलाइट थेट रेघा ओढल्यास, म्हणून तीन सबस्ट्रेट आणि तीन प्रॉडक्टच्या एका रिअ‍ॅक्शनच्या नऊ रेघा झाल्या.

केग म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा, क्योटोमध्ये १९९५ ला सुरू झालेलं. परीक्षकाला तो नकाशा पाठ असतो हा मोठा फायदा. जीन एक्स्प्रेशनचा डेटा असेल तर केग मॅपरमध्ये आयडी आणि रंग पेस्ट केले की झालं, किंवा आरमध्ये पाथव्ह्यू वापर. पण तो नकाशा सगळ्या जीवांचा मिळून एक असतो, तुझ्या जीवाची तेवढी खोकी रंगतात, आणि फ्लक्सची दिशा-जाडी दाखवायला ते बनलेलंच नाही. चित्र पेपरमध्ये छापायचं असेल तर त्यांचं परवानगीचं पान आधी वाच. विकीपाथवेजला ती भानगड नाही, तिथलं साहित्य मोकळं आहे. पाथवे टूल्स, म्हणजे एसआरआय इंटरनॅशनलवाल्यांचं, त्यात अख्ख्या पेशीचा एक ओव्हरव्ह्यू मिळतो, झूम करत जायचं, टाइम सिरीज असेल तर अ‍ॅनिमेशनसारखं बघता येतं, इकोसाइक या त्यांच्या साइटवर ई. कोलायसाठी बसल्या जागी करता येईल. ट्रान्स्क्रिप्टोमचा डेटा हातात आला आणि कुठे बघायचं तेच कळत नसलं की मी पहिलं तिथे जाते. तुला कुठे बघायचं ते माहितीये, त्यामुळे सोड. सेलडिझायनर सिग्नलिंगवाल्यांसाठी ठेव.

जाता जाता, हाताने लेआउट लावायला लाज वाटून घेऊ नकोस. भिंतीवरचे ते मोठे चार्ट असतात ना, डोनाल्ड निकल्सन यांनी १९५५ च्या सुमारास लीड्समध्ये सुरू केलेले आणि बोरिंगर मॅनहाइमचे १९६५ पासूनचे गेऱ्हार्ड मिशाल यांचे, ते सगळे माणसांनी एकेक बाण विचार करून बसवलेले. आमच्या डिपार्टमेंटला त्यातला एक कपाटामागे होता, पावसाळ्यात भिंत पाझरून युरिया सायकलच्या कोपऱ्याला बुरशी आलेली, तरी आम्ही परीक्षेआधी कपाट सरकवून तोच बघायचो. लोकलच्या डब्यातल्या नकाशात तरी चर्चगेट ते विरार रेघ सरळच असते की, कोणी विचारत नाही की वसईच्या खाडीवर वळण का नाही दाखवलं. कुठे उतरायचं आणि कुठे बदलायचं तेवढं कळलं पाहिजे. ग्लायकोलिसिस वरून खाली, टीसीए खाली गोल, रेस्पिरेशन एका बाजूला, बघणाऱ्याच्या डोळ्याला जी सवय आहे ती मोडू नकोस.

शेवटचं आउटपुटचं. पायथनमधल्या एशरमधून एचटीएमएल सेव्ह कर आणि सरांना ईमेल कर, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंस तर ते फोनवर उघडायचा प्रयत्न करणार आणि उघडत नाही म्हणून तुलाच फोन करणार. थीसिससाठी एसव्हीजी घे, पीएनजी नको. एसव्हीजी इंकस्केपमध्ये उघडून नको ती लेबलं काढ, उरलेली मोठी कर, आणि प्रिंटवाल्याकडे जाण्याआधी सगळा टेक्स्ट पाथमध्ये बदलून पीडीएफ कर. मी एकदा तसं न करता कॉन्फरन्सच्या आदल्या रात्री स्टेशनबाहेरच्या दुकानात पोस्टर टाकायला दिला, त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, आणि सकाळी हातात आलं तेव्हा सगळ्या मेटाबोलाइटची नावं एकमेकांवर चढलेली, सहाशे रुपये गेले ते वेगळेच. मार्करने दुरुस्त करत गेले मी ट्रेनमध्ये, बोरिवली ते चर्चगेट स्लो.